मिस्त्रींचं टेस्टिंग

स्पीकर जोडून झाला की मिस्त्री त्याच्या लाकडी खोक्यावर उजवा तळवा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला असो नाहीतर आमदार व्यासपीठावर, मिस्त्रींना फरक पडायचा नाही. "थांबा. आजून आवाज पोटात न्हाई बसला," एवढंच म्हणायचे.

तुमच्याही गावात असा स्पीकरवाला असेल. आवाज वाढवा, आवाज कमी करा, याच्यापलीकडे तुम्ही त्याच्याशी बोलला नसाल. लोणंदमध्ये आम्हीही बोललो नव्हतो. कंपनीचं सांडपाणी ओढ्यात सोडतात म्हणून आम्ही मोर्चे काढतो. गरिबांचा आवाज, जनतेचा आवाज असं मी पत्रकांत छापत होते आणि प्रत्यक्षातला आवाज ज्या माणसाच्या खोक्यांतून निघत होता, त्याला चहा मात्र शेवटी पाठवत होते.

चाचणीला मिस्त्रींची एकच कॅसेट. जाड आवाजाचा कुणी गडी इंग्रजीसारखं काहीतरी म्हणायचा आणि त्याखाली पाय ओढत चालल्यासारखा ठेका. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या गॅदरिंगला मिस्त्री स्पीकर घेऊन गेले होते, तेव्हा कुणी परदेशी विद्यार्थी ती मशीनमध्येच विसरला. मिस्त्रींनी वाट पाहिली, न्यायला कुणी आलं नाही. तेव्हापासून लग्न असो, उरूस असो, जयंती असो, आधी ती कॅसेट. तालुक्यात तिला गाणं कुणीच समजत नव्हतं. ते 'मिस्त्रींचं टेस्टिंग' होतं. ते ऐकू आलं की बायका अक्षतांचं ताट उचलायच्या.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. आयुष्यभर कर्ण्यांसमोर उभं राहून मिस्त्रींचे कान गेले होते. समोरचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखायचे. स्पीकर मात्र हातानं लावायचे. कुठल्या ठोक्याला लाकूड किती थरथरतं, हे त्या एका कॅसेटपुरतं त्यांच्या तळव्याला पाठ होतं. दुसरं काही लावलं की तळवा आंधळा. "पोरी, माजं दुकान हिच्यावर हाय," ते मला एकदा म्हणाले होते.

हे माहीत असूनही मी काय केलं ते ऐका. मोर्च्याचा व्हिडिओ टाकला, त्यात मागे टेस्टिंग वाजत होतं. पुण्यातल्या एकानं तो पाहिला. आमच्या ओळखीचा, दोन आंदोलनांत डफ वाजवून गेलेला. मित्राला घेऊन लगेच आला. कॅसेटवरचं संगीत रेगे आहे म्हणाला. जमैकातल्या गरिबांचं संगीत म्हणजे काय ते त्यानं मला समजावून दिलं. गरिबी मला पुण्याहूनच शिकायची राहिली होती. ही गाणी कुणाला माहीत नाहीत, अल्बम थोडाच निघाला, मूळ फीत हरवली, बहुतेक ही एकच प्रत उरली आहे, असंही त्यानं सांगितलं.

"काका, फक्त कॉपी करतो. पंधरा दिवसांत परत."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "देऊ का गं?"

"द्या. आपली माणसं आहेत."

"बग बरं. पुढं लगीनसराई हाय."

तहसीलदाराला साधं निवेदन दिलं तरी मी शिक्क्यासकट पोच घेते. त्या दिवशी घेतली नाही. त्याच्या झोळीत आमचंच पत्रक दिसलं आणि मी विरघळले. ज्यांची झोळी आपल्यासारखी दिसते त्यांना आपण काहीच विचारत नाही.

पंधरा दिवसांचे चार महिने झाले. लगीनसराईत मिस्त्रींनी अंदाजानं दोन लग्नं केली. दुसऱ्या लग्नात कर्णा असा किंचाळला की मंगलाष्टकं थांबली. नवरदेवाचा फौजी चुलता मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, कान गेलं व्हय तुमचं?" मांडव हसला. मिस्त्रींनी ओठ वाचले आणि तेही हसले. पुढची सगळी बोलावणी त्यांनी परत पाठवली.

मग पार्सल आलं. आत त्याच गाण्यांची एक काळी तबकडी, जी वाजवायला लोणंदमध्ये यंत्र नाही, आणि एक पेन ड्राइव्ह. कॅसेट नाही. तबकडीच्या पाकिटावर छापलं होतं, 'ग्रामीण भारतातल्या भंगारातून वाचवलेला ठेवा.' भंगार! कॅसेट मिस्त्रींच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली असायची. त्या दोघांचे फोनसुद्धा इतके जपलेले नसतील.

पेन ड्राइव्ह लावला. पातळ, चपळ, स्वच्छ आवाज आला. बाईचा. मिस्त्रींचं मशीन मुळात संथ चालायचं, पुणेकरांनी वेग दुरुस्त केला होता. तालुक्याचा गडी बाई निघाला. मिस्त्रींनी उजवा तळवा ठेवला, मग डावा, मग दोन्ही. शेवटपर्यंत हलले नाहीत.

"गात आसंल झ्याक," ते म्हणाले. "पर ही माजी न्हवं. माजी आन."

मी पुण्याला गेले.

"तुमच्याकडे खराब होईल ती," डफवाला म्हणाला. "इथे थंड खोलीत ठेवली आहे."

"मिस्त्रींचं काम बंद पडलंय."

"समजतं गं. पण असा ठेवा कुणा एकाचा नसतो."

नदी कुणा एकाची नसते, हे वाक्य त्यानं आमच्याच सभेत ऐकलं होतं.

त्यांनी तबकडीचा ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला. गाद्यांवर बसून, डोळे मिटून, चपला बाहेर काढून. मी दारात पत्रकं वाटली. 'ही कॅसेट लोणंदच्या एका स्पीकर मिस्त्रींची आहे. परत द्या.' लोकांनी कार्यक्रमाचाच भाग समजून घेतली. एक मुलगी म्हणाली, "किती रॉ आहे हे." एकानं पत्रक ग्लासाखाली ठेवलं. इतका सभ्य पराभव माझा कुठल्याही पोलीस चौकीत झालेला नाही.

मिस्त्रींनी खोकी विकली आणि मिरजेला लेकीकडे गेले. मी भेटायला जायचे. कॅसेटचं विचारायचे नाहीत. माझ्या हातांकडे बघायचे, काही आणलंय का ते. पावसाळ्यात मिस्त्री वारले.

महिन्याभरानं लेकीचा फोन आला. "ताई, पुन्याची मानसं अब्बांचा फोटू मागत्यात. ती तबकडी दुसऱ्यांदा काढत्यात म्हनं, कव्हरावर टाकायचा हाय. बरा आसा एकच हाय. देऊ का?"

या वेळी मी घाई केली नाही. "माझ्याकडे पाठवा," म्हणाले.

फोटो आला. पांढरी टोपी, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, कुणीतरी हाक मारली असावी आणि ती ऐकू आली नसावी अशी मान किंचित कललेली. पुण्याहून आतापर्यंत चार मेल आले. प्रत्येकात 'कृपया', 'आदर' आणि 'लवकर'. मी चारही मेलना एकच ओळ पाठवली, आधी कॅसेट. पाचवा आलेला नाही.

फोटो चांगला आहे. कव्हरावर उठून दिसला असता.