मासोळी काहून सोडली?

भोंगामावशीने कानात सांगितलेलं गुपितही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. कोंढ्याच्या आठवडी बाजारात, आमच्या कापडदुकानासमोर, ती झिंगे आणि मरळ घेऊन बसे. ‘भोंगा’ हे नाव पोरांनी ठेवलेलं. तिला ते आवडायचं. म्हणायची, “फुकट भोंगा भेटला गावाले, वाजू द्या!”

आमच्याकडे लघवी लाल झाली की माणूस डॉक्टरकडे जात नाही. ‘उष्णता झाली’ म्हणतो, धने-जिऱ्याचं पाणी पितो आणि मासोळी उष्ण म्हणून सोडून देतो. त्यामुळे जे बायकोलाही ठाऊक नसायचं, ते मावशीला आधी कळे. नेहमीचं गिऱ्हाईक दोन बाजार फिरकलं नाही की ती त्याला भर रस्त्यात अडवी. “काहून सोडली मासोळी? जळजळते का लाल उतरते?” माणसं छत्री उघडून तोंड लपवत. उन्हाळा असो की हिवाळा.

तिच्या नवऱ्याचं असंच झालं होतं. “एक दिवस लाल उतरलं. दुखलं नाई, काई नाई. दोन दिवसानं आपोआप साफ. मीनं खुशीनं देवाले नारळ फोडला. सालभरानं रक्ताच्या गुठळ्या पडाले लागल्या, लघवीच तुंबली. तवा नेलं, त डाक्टर म्हणे उशीर झाला.” मग तेवढ्या एका वाक्यापुरता तिचा आवाज खाली येई. “थो नारळ मले अजून टोचते.”

ती चुकायचीही. आमच्या शिंप्याला तिने बळेच दवाखान्यात धाडलं, तर लाल रंग क्षयाच्या गोळ्यांचा निघाला. तो तणतणत आला. मावशी म्हणाली, “रक्त नाई निघालं त रागावून राहिला काय? मंग निघालं असतं त पेढे वाटले असते?”

मी तेव्हा चळवळीच्या पत्रकांवर पोसलेला. क्रांती छापखान्यातून येते अशी माझी ठाम समजूत. मी ‘मूत्रविकार आणि श्रमिक जनतेची झोप’ असं पत्रक छापून आणलं. मावशीने ते मला दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, “बापू, यात दवाखान्यात जा असं कुठं लिवलं आहे?” मी शोधलं. नव्हतं. मासोळी यातच बांधून दे, म्हणजे घरोघर पोचेल, असं मी सुचवलं; पण झिंगे तिने पळसाच्या पानातच बांधले. माझा कागद ओला झाला की फाटतो, म्हणाली.

आणि मग आमच्या वडिलांनी मरळ सोडली.

वडील बिडी ओढणारे, अबोल, गिऱ्हाइकाशीही हलक्या आवाजात बोलणारे. तिसऱ्या बाजारी मावशी थेट दुकानाच्या पायरीवर आली. “शेठजी, लाल उतरते काय?” लुगडी बघणाऱ्या चार बायांनी माना वर केल्या.

“हळू बोल, बाई!”

“हळूच त बोलून राहिली मी!”

वडील कुजबुजले, “एकदाच झालं होतं. दुखलंही नाही. आता बंद आहे.”

“बंद झालं म्हणूनच जा. दुखते थो माणूस आपल्या पायानं जाते. ज्याचं दुखत नाई, त्याले धाडा लागते.”

वडील गेले नाहीत. घरात आईने, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. माझं व्याख्यान तर त्यांनी झोपून ऐकलं. पुढच्या बाजारी मावशीने नेहमीची आरोळी ठोकली, “मरळ ताजीऽ! झिंगे ताजेऽ! शेठजी अजून दवाखान्यात गेले नाईऽऽ!” दिवसभर. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने वडील भंडाऱ्याला, तिथून नागपूरला गेले. मूत्राशयात लहानशी गाठ होती. दुर्बिणीतून काढली, बिडी सुटली, दर काही महिन्यांनी तपासणी मागे लागली. डॉक्टरांनी विचारलं, “दुखत नव्हतं तरी इतक्या लवकर आलात? कोणत्या डॉक्टरने पाठवलं?” वडिलांनी खाली मान घालून सांगितलं, “मासोळीवालीनं.”

पुढे गुडघे धरले म्हणून मावशी लेकीकडे दिघोरीला गेली आणि तिथेच वारली. खबर आली त्या बाजारी तिच्या जागेवर कोणी बसलं नाही.

त्या दुपारी एक धान-व्यापारी धोतरजोडी घ्यायला आला. आईने आतून जेवायला थांबा म्हटलं, तर म्हणाला, “मासोळी असन त नको, वहिनी. उष्णता झाली आहे.”

वडिलांनी हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला. जन्मभर हलक्या आवाजात बोललेला तो माणूस पायरीवर उभा राहिला आणि सगळा बाजार वळून बघेल अशा आवाजात ओरडला,

“काहून? लाल उतरते काय?”