तीन हंडे आणि फिनेलची बाटली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात, तर पुढचं सांगायचा धीर होणार नाही मला!

गेल्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले आणि आठ दिवसांत समाजाचा उद्धार करायला निघाले. समाज फार लांब नव्हता. धुळ्यात, आमच्या देवपुरातच, एका बंद शाळेच्या ओसरीवर सहा बायका पापड लाटायच्या. कुणाचा नवरा वारलेला, कुणाचा पळालेला. पोरं मात्र सगळ्यांच्याच पदरात. म्होरकी गंगूअक्का. कुठल्याही कामाआधी मुक्ताईला हात जोडणार.

"अक्का, हात जोडण्यापेक्षा हात धुवा!" मी म्हणायचे. काय शहाणी होते मी!

तर एका शेठाणीबाईंनी लेकीच्या लग्नासाठी बिबडे सांगितले. बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. शनिवारी नमुना पसंत पडला, तर त्यांच्या धर्मशाळेमागची खोली आम्हाला कायमची मिळणार होती. नाही पडला तर? शाळा पाडायची ठरल्यानं ओसरी तर सुटणारच होती. मग पुन्हा रस्त्यावर खडी फोडायची, पोरांना उन्हात बसवून.

बुधवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. कोपऱ्यात तीन हंडे झाकून ठेवलेले. एकाचं झाकण उचललं आणि… अहो, काय तो वास! वर फेस! रेशनच्या रांगेत उभं राहून जमवलेली ज्वारी, आणि या बायकांनी चक्क सडवली!

क्षणभर थांबावं, कुणाला विचारावं? छे! तिन्ही हंडे उकिरड्यावर उपडे केले. रोगराई नको म्हणून वर फिनेलची अख्खी बाटली ओतली. हंडे राखेनं लख्ख घासले आणि कौतुकाची वाट बघत बसले.

अक्का आली, मागोमाग बाकीच्या. हंड्यांत डोकावली.

"ज्वारी कोठे शे वो माय?"

"सडली होती, अक्का. फेकली. फिनेलसुद्धा टाकलं!"

"सडेल नही, आंबेल व्हती ती!" अक्का मटकन खाली बसली. "तीन दिन भिजाडी व्हती. आंबट वास येस तवयच बिबडा फुलस!"

सगळ्यांत धाकट्या सिंधूनं नुसतं तान्ह्याला उचलून छातीशी धरलं. कुणी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अक्का, आता काय?"

"आते मुक्ताई शे, नि तुन्हं तोंड शे. चाल!"

उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी बिबड्यांची ज्वारी भिजत असते. ती मागायची. पण अक्काची अट एकच: काय घडलं ते मी स्वतः सांगायचं. खरं खरं. प्रत्येक दारात!

पहिल्या दारात मी खाली मान घालून सांगितलं.

"फिनेल?" ती बाई किंचाळली. "अहो आत्याबाई, लवकर या, ऐका हे!"

सासूबाईंसाठी पुन्हा पहिल्यापासून! दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. पण आमच्या हंड्यात त्यांची तीन दिवस भिजलेली ज्वारी पडली. चौथ्या दारी तर बातमी माझ्या आधीच पोचलेली.

"या, या फिनेलबाई!"

पुढे पुढे मी नकला करून सांगू लागले. आणि काय सांगू, आमच्यासोबत आलेल्या सिंधूला, नवरा पळालेली म्हणून, ज्या घरांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तिथे तिला हात धरून बसवलं, पाणी दिलं! प्रत्येक दाराशी मी मनात कुणाला हात जोडत होते, ते अक्काला सांगितलेलं नाही. दुपारपर्यंत तिन्ही हंडे भरले.

रात उलटायच्या आत दळण झालं. गुरुवारी पिठाचा घट्ट घाटा शिजला, ओल्या धोतरांवर बिबडे पडले. दोन दिवस कावळे हाकलून माझा घसा बसला.

शनिवारी शेठाणीबाईंनी एक तळला, मोडला, डोळे मिटून खाल्ला.

"असा बिबडा मी आजवर खाल्ला नाही! काय घातलंत यात?"

"गल्लीभरनी ज्वारी शे, बाई," अक्का म्हणाली.

खोलीची किल्ली तिथल्या तिथे अक्काच्या हातात! आम्ही साती जणी अशा ओरडलो, की सिंधूचं तान्हं दचकून रडायलाच लागलं.

नव्या खोलीत सहा जणींनी पहिल्याच दिवशी एक नियम एकमतानं केला. लिहिता येणारी मी एकटीच, त्यामुळे पाटी माझ्याच वळणदार अक्षरात दारावर लागली आहे:

"ज्वारी भिजत असताना बी.ए. झालेल्यांनी आत येऊ नये."