उपासातली गोळी

त्या वर्षी मी सगळा भार देवीवर टाकला होता, हे आधीच सांगते. आजोबा मिठागरात राबले, बाबा रिक्षा चालवतात आणि आमच्या घरात बी.कॉम. झालेली मीच पहिली. ठाण्यातल्या एका ऑफिसात नोकरी लागली होती, दसऱ्यानंतर रुजू व्हायचं होतं. पण कॉलेजात असल्यापासून मला फिट यायच्या. ऑफिसात आली तर? म्हणून नवरात्राचे नऊ दिवस उपास धरला आणि गोळ्या बंद केल्या. गोळी जेवणानंतरची, आणि जेवण तर नाही. शिवाय गोळी घेतली तर देवीवर भरवसा कसला, असंही वाटलं. घरात कुणाला बोलले नाही.

सातव्या माळेला टेंभी नाक्यावर दर्शनाच्या रांगेत मी पडले. मला काही आठवत नाही, हे सगळं आईने सांगितलेलं. कुणीतरी हुंगवायला चप्पल पुढे केली. तेवढ्यात ओटीचं सामान विकणारी एक बाई धावत आली. "ती घाल तुझ्या पायात," ती त्याला म्हणाली. तिने मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली विकायचे खण ठेवले, तोंडात काही घालू दिलं नाही. मी शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग आईला म्हणाली, "ताई, डॉक्टरला सांगा, आधी हिचा डावा हात आखडला, मग मान वळली. माझ्या दिराला असंच व्हायचं, म्हणून नीट बघून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी कल्याणला आमच्या मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. "हिला तुम्हीच सांगा, की बाय, आता घरी बस," आई त्यांना म्हणाली. मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुला काय करायचंय?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. रडत रडत गोळ्यांचं सांगून टाकलं.

त्या चिडल्या नाहीत. "उपासाला काय खातेस?"

"केळी, राजगिऱ्याचे लाडू."

"मग केळं खाऊन गोळी घे. उपास देवीचा, गोळी माझी. आमचं दोघींचं भांडण नाही."

आईकडून डाव्या हाताचं ऐकल्यावर त्यांनी पेन उचललं. आजवर घरचे सगळे घाबरून जायचे, फिट सुरू कशी होते ते कुणी पाहिलंच नव्हतं. पुढच्या तपासण्या त्यावरूनच ठरल्या. "नोकरीला जा," त्या म्हणाल्या. "गोळी चुकवू नको, झोप पुरी कर. आणि शेजारी बसणाऱ्या एकाला तरी सांगून ठेव."

त्या ओटीवाल्या बाईला मी नंतर दोनदा शोधलं, भेटली नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही.

पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या काकूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. अजून काही?"

"नाही."

"मग ही फाईल घे, दुपारपर्यंत हवीय."

फाईल उघडताना मनातल्या मनात देवीला हात जोडले. तिच्यावर भार टाकायचा, तर आपलं खरं दुखणं आधी माणसाला सांगता आलं पाहिजे, एवढं मला समजलं आहे.