ठप्प्याची सुई

समजा, तुमच्यासमोर एक काळा कुत्रा उभा आहे. त्याला आता दिसत नाही, पण तुमचा हात तो ओळखतो. औषधाची बाटली हलवायची नाही, तळहातांत हळूहळू घोळवायची. सिरिंज भरली की उजेडाकडे धरून बघायची. आत बुडबुडा दिसला तर नखानं टिचकी मारून तो वर आणायचा. मग डाव्या हाताच्या चिमटीत कुत्र्याच्या मानेमागची सैल कातडी धरून जराशी वर उचलायची, म्हणजे खाली तंबूसारखी पोकळी होते. सुई त्या पोकळीत गेली पाहिजे. जास्त आत गेली तर पलीकडून बाहेर निघते आणि औषध केसांत सांडतं. आणि हे सगळं चाललेलं असताना कुत्र्याशी बोलत राहायचं, अगदी रोजच्या आवाजात. करून बघा. पहिल्या दिवशी घाम तुम्हालाच फुटेल.

उज्जैनच्या माधव नगरातल्या सुधाकर जामदारांना फुटला होता. पण जामदार हाताचे पक्के. सारी नोकरी वीज मंडळात गेली, आणि शेवटची बरीच वर्षं आकडा टाकून वीज चोरणाऱ्यांना पकडण्यात. "आमचे पूर्वज शिंद्यांच्या खजिन्यावर पहारा द्यायचे, मी करंटवर दिला," असं ते सांगत. एखाद्या गल्लीत जेवढी वीज सोडली तेवढी मीटरांवर दिसली नाही, की गळती कुठे आहे हे ते खांबाखांबावर चढून शोधत. ती सापडल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावरही, पुढे हृदयाचं ऑपरेशन झाल्यावरही ही खोड गेली नव्हती. घरात दूध रोजच्यापेक्षा लवकर संपलं तरी चौकशी बसे. बायको अहल्याबाई म्हणायच्या, "अहो, मी काय कन्झ्युमर आहे का तुमची?"

कुत्रा आला तो भैरवगढहून. जामदारांची ड्यूटी तिकडे असताना कापडछपाईच्या एका कारखान्यात रंगाच्या हौदाशेजारी एक पिल्लू कुडकुडत बसलेलं त्यांना दिसलं. अंगावर लाल, निळे, पिवळे डाग. डब्याच्या पिशवीत घालून त्याला घरी आणलं. अहल्याबाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग पाणी तापवलं. घासून घासून डाग निघाले. काळा मात्र निघेना. "हा तर मूळचाच काळा आहे हो!" छातीवर तेवढा पांढरा ठिपका, लाकडी ठप्पा उठवावा तसा. म्हणून ठप्प्या.

मांजर आपणहून आलं. ते तलाठ्यासारखं घरभर फिरून प्रत्येक डबा, प्रत्येक कोपरा हुंगून बघायचं, म्हणून जामदारांनी त्या मांजरीचं नाव पटवारीण ठेवलं. ठप्प्या आणि पटवारीण पहिले काही महिने एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मग एका हिवाळ्यात दोघं एकाच गोणपाटावर सापडले, आणि पुढे तेच रोजचं झालं. पुण्याला नोकरी करणारी मुलगी अपूर्वा फोन करायची, तेव्हा आईबाबांच्या आधी या दोघांना बघायला मागायची. जामदार फोन गोणपाटाकडे वळवत आणि खोट्या रागानं म्हणत, "बघा, आमची काही किंमत आहे का या घरात?"

उज्जैनात काळा कुत्रा पाळायचा म्हणजे तो एकट्या घरवाल्यांचा राहत नाही. तो काळभैरवाचं वाहन. रविवार उजाडला की जामदारांच्या फाटकाशी माणसं येत. कुणाला ज्योतिषानं सांगितलेलं, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाच्या पोराचा पेपर. हातात कागदात गुंडाळलेली, जिलबीसारखी पाकात मुरलेली इमरती. "अंकलजी, बस एक खिला दें?" ठप्प्या आधीच फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढून बसलेला. जामदारांना गंमत वाटे. "खिलाओ भाई, साहब की ड्यूटी चालू है," असं म्हणून ते पेपर वाचत बसत.

मग ठप्प्या पाणी फार प्यायला लागला. भांडं भरावं की रिकामं. कधी नव्हे तो घरात लघवी करायला लागला. खाणं वाढलं आणि अंग वाळत चाललं. फ्रीगंजमधल्या दवाखान्यातल्या डॉक्टर निहारिका वयानं अपूर्वाएवढ्याच. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "काका, याला डायबिटीज आहे. रोज दोनदा इन्सुलिन. खाणं ठरलेलं, वेळ ठरलेली. आणि गोड पूर्ण बंद."

"गोडानंच झालं का?"

"एकट्या गोडानं झालं असं नाही म्हणता येत. पण आता गोड चालू राहिलं तर काही खरं नाही."

जामदारांनी त्याच दिवशी फाटकावर पाटी लावली : 'कुत्ता बीमार है. कृपया मीठा न खिलाएँ.' घरातली साखर, गूळ त्यांनी शेजारी देऊन टाकला. त्याचं गोड बंद तर आपलंही बंद, म्हणून स्वतः फिका चहा प्यायला लागले. ठप्प्याच्या डोळ्यांवर हळूहळू दुधाळ पडदा आला आणि तो दारांना धडकू लागला. तेव्हा अहल्याबाईंनी पटवारिणीच्या गळ्यात एक घुंगरू बांधलं. मांजर पुढे, घुंगराच्या आवाजामागे कुत्रा, अशी वरात अंगणात निघू लागली. ती बघायला गल्लीतली पोरं यायची. त्या घरातलं त्या दिवसांतलं हसू एवढंच.

कारण ठप्प्याची साखर उतरत नव्हती. जामदार रोज सुई देत होते, खाणं मापून देत होते, तरी दर तपासणीत आकडा चढलेलाच. डॉक्टर डोस थोडा थोडा वाढवत होत्या. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "काका, घरात कुणी गोड देतं का?"

"आमच्या घरात?" जामदार हसले. "मॅडम, शक्यच नाही. मी पहारा देतो."

अहल्याबाई शेजारीच ठप्प्याला धरून उभ्या होत्या. त्या भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

जामदारांच्या डोक्यात जुनं चक्र सुरू झालं. आत जातंय एवढं, मीटरवर दिसतंय भलतंच. म्हणजे कुणीतरी आकडा टाकलाय. ते फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. रविवारी आलेल्या माणसांना हाकलू लागले. एक जण चिडून म्हणाला, "भैरव बाबा की सवारी को कौन सी बीमारी? पाप लगेगा आपको." समोरचे तात्या ओट्यावरून ओरडले, "अरे सुधाकर, माणसांशी भांडून झालं, आता थेट देवाशी पंगा? तुझी बदली आता वरच करतील!"

"तात्या, तुम्ही तरी देत नाही ना?"

"मला माझी बायको गोड देत नाही. मी कुत्र्याला कुठून देऊ?"

शेवटी त्यांचा संशय शेजारच्या पूजावर बसला. नवीन लग्न होऊन आलेली पोरगी, बँकेत कामाला. पाटी लागायच्या आधी ती दर रविवारी इमरती आणायची. सोमवारी सकाळी ती स्कूटर काढत होती, तेव्हा जामदारांनी तिला गल्लीत सगळ्यांसमोर धरलं. "बेटा, शिकलेली आहेस नं तू? एका आंधळ्या जनावराला मारून कसलं पुण्य मिळणार आहे तुला?"

"काका, मी पाटी लागल्यापासून एक दाणा नाही दिला हो. शपथ."

"चोर कधी कबूल करतो का?"

पूजा हेल्मेट हातात धरून तिथेच रडायला लागली. तिच्या सासूनं दार उघडून जामदारांचा उद्धार केला. अहल्याबाई खिडकीतून सगळं ऐकत होत्या.

मंगळवारी डॉक्टरांनी डोस पुन्हा वाढवला. त्या संध्याकाळी ठप्प्यानं आपलं भांडं चाटून साफ केलं. जामदार दिव्याखाली सिरिंज धरून बुडबुडा काढत होते. अहल्याबाई देवापुढे वात लावून आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, ऐका नं..."

"मध्ये बोलू नकोस. हात हलतो."

त्या आत गेल्या. सुई बरोबर बसली. जामदारांना समाधान वाटलं.

बुधवारी सकाळच्या सुईनंतर ऊन वर आलं, तेव्हा पटवारीण अंगणात घुंगरू वाजवत गेली आणि ठप्प्या उठला नाही. मग उठला, तर मागचे पाय लटपटले. भिंतीला टेकून तो काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवत राहिला. जामदारांनी हाक मारली, तर मान भलतीकडेच वळली. मग तो आडवा पडला आणि चारही पाय ताठ होऊन झटके यायला लागले.

डॉक्टर फोनवर ओरडल्याच. "काका, शुगर खाली गेलीय! काहीतरी गोड हिरड्यांना चोळा. आत्ता! आणि तसेच घेऊन या."

जामदार स्वयंपाकघरात धावले. साखरेचा डबा उघडला, रिकामा. गुळाचा डबा रिकामा. आपणच रिकामे केलेले डबे ते एकामागून एक उघडत सुटले. "अगं, काहीतरी गोड दे! काहीही!"

अहल्याबाई स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. त्या देव्हाऱ्याशी गेल्या, मागे हात घातला आणि स्टीलचा एक छोटा डबा काढला. आत इमरत्या होत्या, वाळलेल्या, तीनचार. जमिनीवर बसून त्यांनी एक पाण्यात कुस्करली आणि ठप्प्याच्या ओठाखाली बोट घालून चोळायला लागल्या. हाताला सवय असल्यासारखं ते बोट जात होतं. ठप्प्याची जीभ एकदा त्या बोटावर फिरली.

जामदार डब्याकडे बघत उभे होते.

रिक्षात कुत्रा दोघांच्या मांड्यांवर आडवा होता. टावर चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा अहल्याबाई बोलल्या. इंदूरला जामदारांच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा बाहेर बाकावर बसून त्यांनी भैरवाला नवस बोलला होता : यांना सुखरूप घरी ने, यांचा श्वास चालू आहे तोवर रोज संध्याकाळी तुझ्या वाहनाला गोड घालीन. आणि वाहन तर घरातच होतं.

"म्हणजे रोज?"

"दिवा लावल्यावर. अर्धी."

"अजूनही?"

"नाही. सोमवारपासून बंद केलं. तुम्ही त्या पोरीला रडवलंत नं, तेव्हापासून. मग म्हटलं, तुमचं जे व्हायचं ते होवो."

जामदारांना गणित लगेच कळलं. तो त्यांच्या धंद्याचाच हिशोब होता. चोरीच्या लोडसकट डोस बसवला होता. चोरी थांबली, डोस मात्र तेवढाच राहिला, वर पुन्हा वाढला. गळती त्यांनी गल्लीभर शोधली होती. आपल्याच घराचा मीटर उघडून बघावा, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दवाखान्यात सलाइन लावलं. झटके थोडे थांबत, पुन्हा येत. "एवढी शुगर कशी उतरली? खाणं तेच होतं ना, काका?" डॉक्टरांनी विचारलं. जामदारांनी बायकोकडे बघितलं. "खाणं तेच होतं," ते म्हणाले. दुपारी ठप्प्या गेला.

तात्यांनी फावडं आणलं. कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत खड्डा त्यांनीच खणला, जामदारांना फावड्याला हात लावू दिला नाही. विनोदही केला नाही. दुसऱ्या दिवशी जामदार पूजाच्या दारात जाऊन उभे राहिले. "चूक झाली, बेटा. तू नव्हतीस." ती म्हणाली, "जाऊ द्या काका." कोण होतं, ते तिनं विचारलं नाही. पण त्यानंतर ती स्कूटर गल्लीच्या दुसऱ्या टोकानं काढू लागली.

जामदारांनी डॉक्टरांना नंतर जाऊन खरं सांगितलं. अपूर्वाला मात्र आजही एवढंच माहीत आहे की आजार वाढला होता. बायकोवर ते ओरडले नाहीत, एकदाही नाही. जन्मभर दुधापासून वर्तमानपत्रापर्यंत प्रत्येक गोष्टीवर ओरडलेला माणूस या एका गोष्टीवर ओरडू शकला नाही. जिच्यापायी कुत्रा गेला ती इमरती त्यांच्याच श्वासासाठी होती, आणि ती बंद झाली तीही त्यांच्याच आवाजामुळे. ओरडायला जागा कुठे होती?

रविवारी अजून कुणीतरी कागदात गुंडाळलेली इमरती घेऊन येतं. पाटी त्यांनी काढलेली नाही. "अब नहीं है," एवढंच ते म्हणतात. गोणपाट तिथेच आहे. पटवारीण अर्ध्याच भागावर झोपते. घुंगरू काढायचा विचार दोघांच्याही मनात येतो आणि दोघंही दुसऱ्यानं काढावं म्हणून थांबतात. फ्रिजच्या दारात औषधाची बाटली उभी आहे, थोडी उरलेली.

दुपारी जामदार जरा आडवे झाले की अहल्याबाई हातातलं काम टाकून येतात आणि त्यांच्या नाकापाशी तळहात धरतात. नवस मोडलाय, देव वसूल करणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं आहे. जामदार जागे असतात. डोळे मिटून, मुद्दाम जरा मोठ्यानं श्वास सोडतात, म्हणजे तिला कळावं. तो हात अगदी जवळ असतो. तेव्हा दर वेळी त्यांना वाटतं की आता डोळे उघडावेत आणि विचारावं. उत्तर त्यांना ठाऊक आहे, तरी ते तिच्या तोंडून ऐकायचं आहे. पण हात बाजूला होतो, पावलं स्वयंपाकघराकडे जातात, आणि प्रश्न तसाच राहतो :

त्या मंगळवारी, मी सिरिंज दिव्याकडे धरलेली असताना, तू दारात उभी राहून "अहो, ऐका नं" म्हणालीस, तेव्हा तू मला काय सांगणार होतीस?