धोंड्याच्या जेवणाला सरपंच

मी दिवसभर कीटकनाशकं विकतो आणि फावल्या वेळात झुरळं पाळतो.

यात हसण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण ज्याला ज्याला सांगितलं, तो आधी हसला आणि मग खुर्ची जरा लांब सरकवून बसला. तीर्थपुरीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. पुढच्या खोलीत बोंडअळी, मावा, तुडतुडे यांचा निकाल लावणारी औषधं. मागच्या खोलीत काचेच्या पेटीत माझी झुरळं, गाजराचे काप खात निवांत. (औषधाचा वास आत जाऊ नये म्हणून मधल्या दाराला मी जाड प्लॅस्टिक लावून घेतलंय. पोरंबाळं पदरात असली की माणसाला सगळं बघावं लागतं!)

आणि ही आपल्या मोरीतली झुरळं नव्हेत हो! ही मादागास्करची. अंगठ्याहून लांब, बिनपंखांची, पॉलिश केलेल्या सागवानासारखी तकतकीत. उडत नाहीत, चावत नाहीत. फक्त डिवचलं की अंगातली हवा सोडून ‘फुस्स’ करतात. पुण्याला कॉलेजच्या मित्राकडे पहिल्यांदा बघितली आणि सुरेखाला बघायला गेलो तेव्हा झालं होतं तसंच काहीतरी झालं. (हे मी तिला एकदा सांगितलं. परत सांगणार नाही.) मित्रानं एक जोडी दिली, जोडीची वस्ती झाली. शेजारी काडीकिडे आले, वाटीएवढी गोगलगाय आली. (शेतात गोगलगायीच सोयाबीन फस्त करतात, म्हणून ही मी सोयाबीनवाल्या गिऱ्हाइकांना दाखवत नाही.) या सगळ्यांत दांडगा एक नर होता. छातीवर दोन टेंगळं, दुसऱ्यांना ढकलून खाणार, आणि कुणाची चाहूल लागली की सगळ्यांच्या आधी फुसकारणार, एक लांब, दोन आखूड. त्याचं नाव मी ठेवलं ‘सरपंच’.

"हे घरात येणार न्हाई," सुरेखानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"घरात कशाला? दुकानातच..."

"आन माझ्या माहेरी कळणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

पण माहेरी अर्धं कळलंच. तिचे वडील, म्हणजे आमचे मामा, फोनवर म्हणाले, "जावईबापू किडे पाळून राह्यले म्हनं?" सुरेखा ‘ते... ते...’ करत राहिली. तेवढ्यात मामांनीच वाट दाखवली, "रेशमाचे असतील!"

आता आमच्या जिल्ह्यात जिकडंतिकडं तुती आणि रेशमाच्या कोषांच्या गोष्टी. मामांचं तरी काय चुकलं? सुरेखा नुसतं "हं" म्हणाली. एवढ्याशा त्या ‘हं’वर मामांनी केदारखेड्यात माझा रेशीम उद्योग उभा केला, वाढवला आणि जोरात चालवला!

अशात अधिक महिना आला आणि धोंड्याच्या जेवणाचं आवतण आलं. अधिक महिन्यात सासुरवाडीला जावयाचा मान काय वर्णावा! पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, चांदीचं निरांजन हातात ठेवतात. मी खुशीत होतो. पण निघायच्या दिवशीच दुकानातल्या कूलरची मोटर जळाली. वर पत्रे, बाहेर कडक ऊन. बाकीची मंडळी टिकली असती, पण सरपंच आणि चार माद्या (चौघी पोटुशा!) यांचा मला भरवसा वाटेना. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात पाचही जणांना घातलं आणि डबा पिशवीत बनियनखाली ठेवला. सुरेखाला सांगावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तिनं माझ्याकडं बघितलं आणि ते मनातून गेलं.

मामांचं घर केदारखेड्याच्या पुढं मळ्यात. अंगणात मामांबरोबर शेजारचे किसनतात्या माझी वाट बघत बसले होते.

"या, रेशीमवाले जावई!" तात्या म्हणाले. "मला बी लावायचीय तुती. तुम्ही कोन्ती लावली?"

तुतीचं झाड मी आयुष्यात जवळून बघितलेलं नाही. "मी... गाजरावर ठेवलेत," तोंडातून निघून गेलं.

"गाजरावर? रेशमाचे किडे?"

"नवी पद्धत हाय तात्या," सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये घुसली.

"मंग रेशमाला रंग येत असंल!"

"फिका केशरी," मी म्हणालो. (खोटं बोलायचं तर त्यात बारकावे पाहिजेत!)

तेवढ्यात मामी आल्या आणि माझी पिशवी आत कोठीच्या खोलीत घेऊन गेल्या. धान्याची पोती, अंधार, गारवा. मला एकदम हलकं वाटलं. माझी पाचही लेकरं थंड जागी पोचली होती! मग मीही निर्धास्तपणे पाय धुऊन घेतले, नवे कपडे घातले, टोपी चढवली, उपरणं घेतलं आणि पाटावर बसलो. ताटात धोंडे, वर तुपाची धार. मामी निरांजन आणायला कोठीत गेल्या.

आणि आतून किंकाळी आली.

"अगं मायवं! साप! साप हाय कोठीत!"

मामी धावत बाहेर. "पोत्याच्या मागून फुस्स केलं! येवढा मोठा असंल!" त्यांनी दोन्ही हात पसरले. हात कमी पडले म्हणून सुरेखाचा एक हात धरून पुढं लांबवला.

"फुस्स केलं म्हंजे घोणसच," किसनतात्यांनी निकाल दिला. "कुकरसारखी फुसकारती ती."

आता एक सांगायला पाहिजे. सहा पायांचं, आठ पायांचं, शंभर पायांचं मला काहीही चालतं. ज्याला पायच नाहीत, त्याचं आणि माझं जमत नाही. पाटावरून मी कधी उठलो आणि बाजेवर कधी चढलो मला ठाऊक नाही. पण ताट हातात होतं आणि तूप सांडलं नव्हतं, एवढं आठवतं.

"जावईबापू, तुम्ही तर किड्यांतले मानूस. बघा बरं जरा," मामा म्हणाले.

"मामा, किडे वेगळे, साप वेगळा!" मी बाजेवरून ओरडलो.

तात्यांनी काठी घेऊन कोठीच्या चौकटीवर धाडकन मारली. आतून उत्तर आलं, "फुस्स... फुस्‌फुस्‌."

मी कान टवकारले. एक लांब, दोन आखूड! गर्दीत रडणारं आपलं पोर आई आवाजावरून ओळखते म्हणतात. मी सरपंचाला ओळखलं. पण डबा तर बंद होता! झाकण कुणी उघडलं?

"तात्या, काठीनं न्हाई भागायचं," मामा म्हणाले. "जल्दी फवारणीचा पंप काढा. जावयानं दिलेलं औषध भरा. बोंडअळी जागेवर उताणी पडती!"

"अवो, धान्य हाय तिथं!" मामी ओरडल्या.

"धान्य धुता येतंय! मानूस मेला तर धुऊन काय उपेग?"

ते औषध दिवाळीला मीच दिलं होतं. ‘मामा, एकदम खात्रीचं,’ असं म्हणून. माझ्या मालाच्या चांगलेपणाचं मला इतकं दुःख कधी झालं नव्हतं! तात्या पंप घेऊन आलेसुद्धा. मी बाजेवरून उडी मारली.

"थांबा! मारू नका! आत सरपंच आहे!"

सगळे जागच्या जागी थिजले. मामींनी पटकन डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आपला सरपंच?" तात्यांनी पंपाची नळी खाली केली. "कोठीत काय करून राह्यला तो?"

"तो तर सकाळीच भोकरदनला गेल्ता!" मामा म्हणाले.

तिथं फक्त एका माणसाला सगळा उलगडा झाला. सुरेखा माझ्याजवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "अहो... तुम्ही आणलेत?"

"पाचच," मी म्हणालो.

मग मी एकटा, हातात काही न घेता, कोठीत शिरलो. बाहेरून तात्यांचा आवाज आला, "बिनकाठीचा चालला! वाघ हाय वाघ!" आत डबा पिशवीवर उघडाच होता, झाकण तिरकं. सरपंच गव्हाच्या पोत्यामागं फुगून बसला होता. दोन माद्या माझ्या बनियनमध्ये सापडल्या. आणखी एक कुठंतरी ओझरती दिसली आणि गायब झाली. पण बाहेर कुणी धीर धरीना म्हणून आहेत तेवढ्यांना डब्यात घातलं, डबा उपरण्याखाली घेतला आणि बाहेर आलो.

"काही नाही. गेला तो. मागच्या खिडकीतून."

काय कौतुक झालं म्हणून सांगू! तात्यांनी पाठ थोपटली. मामांचे डोळे भरून आले. "सुरेखासाठी म्या बराबर मानूस हुडकला," ते म्हणाले. मामी लगबगीनं ओवाळायला आल्या. कपाळाला कुंकू लावलं, ताट वर नेलं आणि ते तिथंच थांबलं. मामी माझ्या टोपीकडं बघत होत्या.

टोपीवरून कुणीतरी सावकाश उतरलं आणि बरोबर कुंकवावर येऊन थांबलं.

ओवाळणीचं ताट खणखणत अंगणापर्यंत गेलं.

"हे काय?" मामांनी वाकून विचारलं.

"रेशमाचा..." मी म्हणालो.

"किडा?"

"मादी हाय," सुरेखानं मान खाली घालून सांगितलं. (संकटात साथ देणारी बायको मिळायला भाग्य लागतं!)

"येवढी मोठी?" तात्या थक्क झाले. "मंग ही सबंद पैठणीच इणून देत असंल!"

मामांनी मात्र आणखी वाकून बघितलं. "जावईबापू, जलमभर शेती केली म्या. हे झुरळ हाय."

"पण मादागास्करचं आहे, मामा."

"कुठलं बी असू द्या!"

मग सगळंच सांगावं लागलं. रेशीम नाही, तुती नाही, गाजर मात्र खरं. मामा ऐकत होते. "इकता का हे?" त्यांनी शेवटच्या आशेनं विचारलं. मी म्हणालो, "नाही, शौक म्हणून." मामा तो शब्द दोनदा स्वतःशीच पुटपुटले आणि एवढ्यात मामींना काहीतरी आठवलं.

"म्हंजे त्या डब्यात... अगं बाई! मला वाटलं जावयानं खारका आनल्या आन लाजून देईनात! अंधारात हात घालून चाचपल्या म्या! एक मऊ लागली म्हनून दाबून बी बघितली!"

त्या न्हाणीकडं धावल्या. साबणाची आख्खी वडी संपेपर्यंत परत आल्या नाहीत.

"किती आनल्ते?" मामांनी मला विचारलं.

"पाच."

"डब्यात किती झाले?"

"चार."

"मंग पाचवं?"

"ती आहे तिथंच कुठंतरी. पोटुशी आहे," मी म्हणालो. (हे सांगायची काय गरज होती? कुणीही विचारलं नव्हतं!)

"एका येळंला किती पिल्लं व्हत्यात?"

"तीस-चाळीस."

मामा बाजेवर बसले. मग उठले आणि त्यांनी हुकूम सोडला, "पाचवं सापडल्याबिगर कुनी गाडीला किक मारायची न्हाई!"

लोकांच्या जावयांना ‘अजून ऱ्हावा’ म्हणतात ते मायेनं. मला ठेवून घेतलं ते जामीन म्हणून! कोठीतलं पोतं न्‌ पोतं मी नव्या कपड्यांत पाठीवर घेऊन अंगणात काढलं. गहू, ज्वारी, तूर, हरभरा. किसनतात्या बाजेवर बसून कुठलं पोतं आधी काढायचं ते सांगत होते आणि माझ्या ताटातले धोंडे खात होते. मामा विजेरी घेऊन कोपरे बघत होते. मामी उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हत्या. ऊन कललं तरी पाचवी काही सापडेना. मला भलतीच काळजी लागली. पोत्याखाली चेंगरली असेल का? तहानली असेल का? हे मी मोठ्यानं बोललो नाही. घोणशीचं भय गेलं होतं हो, पण तात्यांच्या हातात काठी अजून होती.

शेवटी सुरेखानं गुळाच्या ढेपेखालचं ओलसर पोतं उचललं. मी तुरीच्या पोत्याखाली वाकलेलो होतो, तिथून बघितलं. ती मादी तिथंच बसलेली. सुरेखाला बघून तिनं अंग फुगवलं आणि फुस्स केलं.

"गप गं बाई," सुरेखा म्हणाली. "मला बी तसंच करावंसं वाटून राह्यलंय."

आणि तिनं तिला दोन बोटांत दोन्ही बाजूंनी अलगद धरलं, अगदी मी धरतो तसं. आजवर जी माझ्या पेटीसमोरून जातानाही पदर सावरून जायची, ती माहेरच्या सगळ्या माणसांसमोर झुरळ हातात घेऊन उभी होती! तिनं ते डब्यात ठेवलं आणि झाकणाचा एकेक कोपरा दाबून बसवला. मी तुरीच्या पोत्याखालून बाहेर आलो.

"सुरेखा, तू..."

"काही बोलू नका," ती म्हणाली. "गाजर कधी द्यायचं असतं हिला?"

"आता दिलं तरी चालेल."

ती स्वयंपाकघरात गेली आणि गाजर किसून घेऊन आली. काप करायचे असतात, किसायचं नसतं. पण मी त्या दिवशी पहिल्यांदा शहाण्यासारखा गप्प बसलो.

निघताना मामींनी चांदीचं निरांजन दिलं. हातात नाही, उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागं सरकल्या. मामांनी माझी पिशवी मागून घेतली. एकेक कपडा बाहेर काढून झटकला, टोपी उलटी करून आपटली, मग डब्याच्या भोकांतून विजेरी मारून एक, दोन, तीन, चार, पाच असं मोठ्यानं मोजलं. खात्रीसाठी तात्यांकडूनही मोजून घेतलं आणि मगच हात जोडले.

जावई जाताना सासऱ्याच्या घरातलं काही नेत तर नाही ना, हे बघणारे सासरे असतीलही. पण आणलेलं सगळं परत नेतोय की नाही, याची मोजदाद करून ज्याला निरोप दिला, असा सबंध जालना जिल्ह्यात मी एकटाच जावई!