बॉनेटवरचं कुंकू

"पुसू नका तितं. ऱ्हाऊ द्या." माझ्या हातात फडकं दिसलं की आमचे घरमालक पाठीमागून ओरडायचे. तुम्ही म्हणाल, माणूस गबाळा असेल. छे! खोलीच्या पायरीवर चिखलाचा पाय उमटला की हेच गृहस्थ मला चार शब्द सुनावायचे. सूट फक्त गोठ्यातल्या जुन्या फियाटला, तीही बॉनेटपुरती.

दर दसऱ्याला त्यांची बायको तेलात कालवलेल्या कुंकवानं बॉनेटवर स्वस्तिक काढायची. वर्षानुवर्षं एकाच जागी. कुंकू रंगात मुरलं. बाई गेल्या, स्वस्तिक राहिलं. "येक पाय लांबच काढायची," ते मला बोटानं दाखवायचे. "सांगून दमलो. ऐकंल तर शप्पत."

मुळशीचा पाऊस मात्र लोखंडाला सोडत नाही. गाडीचा तळ गंजून त्यातून हात आरपार जायला लागला. मुलगा बावधनला राहतो. बापावर फार जीव. म्हणाला, "आबा, पार नव्यासारखी करून आणतो."

"नवी नगं. गंज तेवढा काढ. बॉनेटला हात लावू नगंस."

"न्हाई लावत."

दसऱ्याच्या तोंडावर गाडी आली. चकचकीत, बॉनेटसकट. एवढ्या नव्या रंगात एकच जुना पत्रा वाईट दिसेल, असं गॅरेजवाला म्हणाला आणि मुलाला ते पटलं. आबा खूश होतील असंच त्याला मनापासून वाटलं होतं. त्याच्यावर धड रागावताही येईना.

घरमालक गाडीभोवती एक फेरी फिरले. बॉनेटवर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. "झ्याक झालीया," म्हणाले. मुलगा खुलला. मला मात्र तिथं थांबवेना.

दसऱ्याला सून कुंकवाची वाटी घेऊन आली, तर मुलगा म्हणाला, "कुंकू नको, नवा रंग जाईल. स्टिकर आणलाय." छान सोनेरी, सरळ पायांचं स्वस्तिक होतं.

पूजा झाल्यावर घरची मंडळी गाडीतून ताम्हिणीकडे गेली. आम्ही दोघंच ओट्यावर उरलो.

"तुम्ही नाही गेलात, काका?"

"गाडी लई चांगली हाय," ते म्हणाले. "पर आमची वळख न्हाई."

त्याच हिवाळ्यात ते गेले. गाडी आता बावधनला असते. परवा मुलगा भाड्यासाठी आला होता. निघताना दारात घुटमळला.

"मी एवढी हौसेनं करून आणली. आबा एकदाही का नाही बसले तिच्यात?"

"गुडघ्यांमुळं," मी म्हणालो. "वाकवत नव्हतं त्यांना."

त्याला तेवढ्यानं बरं वाटलं.