चांदबिबीचा महाल खिडकीतूनच

सहलीचा आराखडा माझाच होता. सत्तर साल, दसरा नुकताच झालेला, मी नवी शिक्षिका आणि मनगटावर पहिल्या पगाराचं घड्याळ. कोपरगावहून सकाळच्या एसटीने नगर, दुपारी चांदबिबीचा महाल, रात्री मावशीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पाथर्डी, मोहट्याची देवी, मढी आणि वेळ उरलाच तर ठकूचं गाव. बरोबर आई होती. तिला फक्त ठकूलाच भेटायचं होतं.

ठकू म्हणजे दर हंगामाला आमच्या उसात तोडीला येणारी पाथर्डीकडची बाई. मागल्या हंगामात तिची रंगू आमच्याच बांधावरच्या खोपीत जन्मली, तीही आईच्या हातावर. यंदा मात्र त्यांच्या मुकादमाने सांगलीकडचा कारखाना धरला होता, त्यामुळे ठकू आमच्याकडे येणार नव्हती. आईने रंगूसाठी खणाची कुंची शिवून पिशवीत सगळ्यात वर ठेवली होती.

राहुरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. नगरच्या स्टँडवर गरम भजी मिळाली, चहा मात्र नुसता गोड. शेजारच्या बाकावर एक फेटेवाले बाबा कुणाला तरी सांगत होते, "आमच्या गावच्या ऊसतोडीच्या टोळ्या उद्या सकाळीच हालत्यात. मुकादमाचा सांगावा आलाय."

आईने गाव विचारलं. ठकूचंच निघालं.

समोर पाथर्डीची गाडी लागलेली. महाल बघत बसलो तर ठकू हुकणार, हे दोघींनाही कळलं. आई एवढंच म्हणाली, "सहल तुझी हाय सुमे. तू ठरीव."

मला रागच आला. तिने हट्ट धरला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. मी पिशव्या उचलल्या आणि गाडीत चढले.

महाल दिसला, पण खिडकीतून. डोंगराच्या माथ्यावर एकटाच उभा. तुम्ही जाल तेव्हा वर चढून जा, सगळं नगर दिसतं म्हणतात. पुढे करंजीचा घाट गाडीने कण्हत कण्हत ओलांडला आणि मुलूखच बदलला. ऊस संपला, उघडं माळरान सुरू झालं. पण दोन दिवसांपूर्वी तिकडे पाऊस पडून गेला होता आणि काळं रान ओलं दिसत होतं.

फाट्यावर उतरून चालत गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मला वाटलं, गाड्या भरून तयार असतील. ठकूच्या दारात बैलगाडी रिकामी, भांडी पसरलेली आणि उंबऱ्यात तिची सासू रंगूला घेऊन बसलेली.

"ठकू कुठंय?" आईने विचारलं.

"रानात. ज्वारी पेरत्यात."

उद्या पहाटे घर सोडायचं आणि ही पेरत बसलीय, मला काही उमजेना. आई मात्र तशीच रानाकडे वळली. रंगूला कडेवर घेऊन मी तिच्या मागे. ठकूचा नवरा भिवा तिफण हाकत होता आणि ठकू मागून चाड्यावर मूठ धरून बी सोडत होती. आम्हाला बघून ती हसली, पण थांबली नाही.

"आक्का, गाडी रातीला बी भरता यील. पेरणीजोगी ओल हाय, ह्यो वाफसा उद्या ऱ्हानार न्हाई. आज पेरलं तर आत्याबाईला वरीसभर खायला व्हईल."

आईने पदर खोचला. ठकूच्या कमरेची बियाण्याची ओटी सोडून स्वतःच्या कमरेला बांधली. "जा, तू घरचं बघ. मूठ मी धरते."

"तुमाला जमंल?"

"आमच्या रानात कॅनॉलचं पानी यायच्या आधी काय ऊस हुता व्हय? ज्वारीच पेरायचो."

दिवस मावळेपर्यंत आई तिफणीमागे चालली. घरी ठकूने वाटेच्या भाकरी थापल्या, मी गाडीत भांडी रचली. रंगू कुंचीत इतकी गोड दिसत होती की माझं काम निम्म्यावरच राहिलं. जेवायला भाकरी, ठेचा आणि कांदा. तशी भाकरी मी नंतर कधी खाल्ली नाही.

सकाळी गाड्या निघाल्या. कुंचीतलं तोंड दिसेनासं होईपर्यंत आई उभी होती. उरल्या वेळात मोहट्याची देवी तेवढी झाली. घरी वडिलांनी, दादांनी, विचारलं, "महाल कसा हाय?" आम्ही दोघीही हसत सुटलो.

पुढे कितीतरी सहली केल्या, महालही पाहिला. पण निघण्यापूर्वी मी अजून स्वतःला एकच विचारते, यातलं उद्या काय उरणार नाही? तिथे आधी जाते.

संक्रांतीच्या सुमाराला ठकूच्या सासूने एका गाववाल्याबरोबर हुरड्याची कणसं पाठवली. सोबत निरोपही होता. "ज्वारी झ्याक आलीया. पेरणीची कायी तासं लई दाट उगवलीत, ती आक्काची."

कणीस हातात धरून आई लाजून हसली.

"हाताचा सराव मोडला गं माझा. पन येळेवर पेरलं."